एका पायावर उभं राहणं

पायांच्या व्यायामाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं आणि त्यांची सपाट पावलांची लहान मुलगी बसली होती. ऐकू नये असं वाटत होतं, पण ऐकू येत होतं.

"पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा व्यायाम करते हो. एका पायावर उभी राहा म्हटलं की रडायला लागते."

"लाडावून ठेवलंयस."

"अभ्यासात चुकली की तुम्हीच तिला तसं उभं करता."

"मग काय बिघडलं? शिक्षाही होते, व्यायामही होतो."

"ऑफिसात चुकलात की तुम्हीही तसेच उभे राहत जा."

"तुझं आपलं काहीतरीच."

तेवढ्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मुलीला पुढे बोलावलं.

"ये बाळ, एका पायावर उभी राहा बघू."

"बाबा, आता मी काय केलं?"

"काही नाही. मुकाट्यानं उभी राहा."