ब्रश शंभर टक्के

…न्हाई, तुमीच सांगा, ज्या मानसाच्या तळहाताला पंधरा वर्षं ब्रश चाचपून चाचपून घट्टे पडलेत, त्याला इचारायचं सोडून मोबाइलला इचारायचं म्हंजे काय ओ? अन् मोबाइलनं सांगितलं की झालं, बसा गप! आता तुमाला वाटंल हा बाबा कोन्या ब्रशाचं सांगायलाय, दात घासायचा का बुटाला मारायचा… तसं न्हाई. देवगाव फाट्याला शेतकऱ्यांच्या कंपनीचं मोसंबी धुवायचं मशीन हाय. मी तिथं क्रेट उचलतो. माझं काय न्हाई, माझं सोडा, मी सांगायलोय ते चंद्रभान मामाचं.

तर ते मशीन कसं हाय, मोसंबी पान्यातून वर येती, फुडं बारा गोल ब्रश, लाटन्यावानी आडवे, गरागरा फिरायलेत, त्यांच्यावरून मोसंबी नाचत जाती, धूळ, काळं, फवारनीचे डाग सगळं निघतं अन् नवरीवानी नटून फुडं पडती. पर ब्रशाचे केस झिजले की बोंब! खालचं टनक प्लास्टिक सालीला घासतं, अन् तवाच्या तवा काही दिसत न्हाई बरं का, तिसऱ्या दिवशी दिल्लीला ट्रकची ताडपत्री सोडली की सगळ्या मालावर तांबूस चट्टे! मंग व्यापाऱ्याचा फोन, मंग शिव्या, मंग माल परत. ते होऊ नये म्हनून मामा. मामा मशीन बंद करायचा, ब्रशात तळहात दाबायचा, केसांनी हात मागं ढकलला की म्हनायचा, "जित्ता हाय." केस आडवे पडले की, "म्हातारा झाला, बदला." अन् मशीन चालू आसताना तर नुस्ता कान द्यायचा. चांगला ब्रश खसखस बोलतो, गेलेला ब्रश सुर्रर्र करतो. आमाला सगळं सारखंच ऐकू येतं!

आता इतकं बरं चाललेलं, ते चालू द्यावं का न्हाई? न्हाई! कंपनीचे अध्यक्ष व्यंकटराव आबा, त्यांनी पुन्याहून सेन्सर आनला. संगट निकिता म्याडम. पोरगी गुनाची, खोटं कामून बोलू. म्हनाली, "मामा, आता ब्रशात हात घालायचा नाही, कधी अडकला तर? हा सेन्सर वरून बघत राहतो, खालचं प्लास्टिक किती उघडं दिसतंय त्यावरून केस किती उरलेत ते मोजतो आणि टक्के थेट आमच्या स्क्रीनवर, आबांच्या मोबाइलवर." मामानं इचारलं, "मंग म्या काय करायचं?" म्याडम जरा थांबली. "तुम्ही… लक्ष ठेवा." आबांनी मातर थांबायचं काही कारन न्हवतं, ते सगळ्यांदेखत बोलून गेले, "ह्यो नीट चालला तर फुडच्या हंगामाला लाइनीवर एक मानूस कमी लागंल." आता त्या लाइनीवर मानूस कोन? मामाच की! तुमाला सांगतो, मामाचा डबा त्या दिवशी तसाच घरी गेला.

पर मामा मनानं लय सरळ. सेन्सरवर राग धरावा ना? खंडेनवमीला उलट त्याचाच मान! नर्मदाबाई, म्हंजे मामाची मालकीन, ताट घेऊन आली. मोटरला कुंकू, पाना-पक्कडीला कुंकू, बटनाला कुंकू, बारा ब्रशांना झेंडूचे हार. मामा म्हनला, "ह्याला बी लाव. नवा पाव्हना हाय, वगळलं तर बरं दिसत न्हाई." ती म्हनती, "कुटं लावू?" "कपाळाला लाव." "आवं, ह्याला कपाळ कुठाय?" "ते काच चकाकतीया न्हवं, तिथं!" अन् बाईनं ओल्या कुंकवाचा आंगठा आस्सा दाबला, वर तांदूळ चिटकवले. आमी सगळ्यांनी हात जोडले, आबांनी नारळ फोडला. सेन्सरचा डोळा मिटला! पर त्या टायमाला कुनाच्या बापाला ठावं!

दसऱ्याच्या आधी टक्के कसे यायलते? एक्क्यान्नव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. दसरा झाला अन् शंभर! दुसऱ्या दिवशी शंभर. तिसऱ्या दिवशी शंभर. आबा खूश, "बगा, किती मजबूत ब्रश!" पुन्यातले लोक खूश, त्यांनी म्हनं ब्रशवाल्याला शाबासकीचं पत्र धाडलं. दिवसाला दहा-दहा टन माल घासायलाय अन् ब्रशाचा एक केस झिजंना, हे कुनाला खटकावं का न्हाई? पर कोन इचारनार? मोबाइलवर शंभर टक्के दिसायलंय!

तीन आठवड्यांनी मामाचा कान टवकारला. सुर्रर्र. चौथा अन् पाचवा ब्रश. मामा आबाकडं, "आबा, दोन ब्रश गेले." आबांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर केला, "चंद्रभान, मोबाइलवर तर शंभर टक्के दिसायलंय!" "मंग हात लावून बगतो." "हात लावायचा न्हाई म्हनून कागदावर सही केलीस का न्हाई?" केलीच हुती की! मामानं पुन्याला फोन लावला. म्याडम गोड बोलली, "मामा, स्क्रीनवर शंभर टक्के आहे हो. तुम्ही काळजी करू नका." काळजी करू नका! मानसाला एकदा काळजी करू नका म्हनलं की तो दुसरं काय करतो ओ?

अन् मंग काय झालं म्हाईत हाय का, मामाला सोताच्याच कानाची शंका यायला लागली. मला बाजूला घिऊन म्हनतो, "लेका, तुला सुर्रर्र ऐकू यायलंय का?" मला काय घंटा ऐकू यायलंय! मी म्हनलो, "न्हाई मामा." तोंड आस्सं उतरलं त्याचं… मला आजून वाईट वाटतं, व्हय म्हनलो आस्तो तर काय बिघडलं आस्तं? मामा सेलूला कानाच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं बत्ती लावून बगितलं, टिंग-टिंग वाजवून बगितलं, म्हनला, "बाबा, तुमचा कान शंभर टक्के." आता सांगा! कान बी शंभर, ब्रश बी शंभर, मंग खोटं कोन? नर्मदाबाई म्हनाली, "आवं, ऱ्हाऊ द्या ना. कशाला वाकड्यात शिरता? आधीच एक मानूस कमी करायचं म्हनायलेत."

तेवढ्यात जिंतूरकडचा राधाकिशन माल घिऊन आला. बागंची पयली तोड. पाच वर्षं टँकरनं पानी घालून जगवलेली झाडं, बायको मोसंबी क्रेटात ठिवायलीय ती अंडं ठिवावं तशी. पट्टा चालू झाला. चारदोन क्रेट गेले. सुर्रर्र! मामानं एकदा राधाकिशनच्या बायकोकडं बगितलं, एकदा मशीनीकडं… अन् लाल बटन दाबलं. खाट! सगळी लाइन बंद!

आबा धावतच आले. "कुनाला इचारून बंद केलंस? मोबाइलवर शंभर—" मामानं आबांचा हात मनगटाला धरला अन् नेऊन त्या चौथ्या ब्रशावर दाबला. अध्यक्षांचा हात! आमी तर डोळेच झाकले. आबा चाचपायलेत, चाचपायलेत… बारीक आवाजात म्हनले, "चंद्रभान, ह्याच्यात केस कुठायत?"

दुसऱ्या दिवशी म्याडम गाडीनं हजर. सेन्सर खाली घेतला, बगती तर काचंवर लाल पापुद्रा, वर दोन तांदूळ. त्याच्याआडून उघडं प्लास्टिक दिसतच न्हवतं, म्हनून रोज शंभर! "हे कोणी केलं?" आता पूजेला सगळेच हुते, पर त्या टायमाला कुनी छताकडं बगायलं, कुनी चपलीकडं, आबांनी तर खिशातून मोबाइल काढून कानालाच लावला. मामा फुडं झाला. "म्या सांगितलं मालकिनीला लावायला. तिचा काई कसूर न्हाई." म्याडमनं फडकं फिरवलं. चौथ्या ब्रशाचे टक्के आले नऊ. नऊ! मामानं आपला डबा उचलला, चाललाच हुता घरला.

म्याडम म्हनाली, "मामा, थांबा. सेन्सर आंधळा होता, मग तुम्हाला कसं कळलं?" "आवाजावरनं." "आवाजावरून?" तिचे डोळे आस्से चमकले, मला तवाच धास्ती वाटली. पंधरा दिवसांत कान आला! बारीक माइक, मशीनीला चिटकवलेला. मामाच्या हातात एक पाटी दिली काचंची, मोठ्या मोबाइलवानी. "मामा, आवाज बदलला की फक्त बटण दाबायचं. मशीन तुमचं ऐकून शिकेल. तुम्ही त्याचे गुरुजी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा लाजला, खरंच लाजला. घरी सांगितलं तर नर्मदाबाई भाकर थापता थापता म्हनाली, "आन् त्याचं शिकून झाल्यावर तुमचं काय?"

तिथून मामाची झोप उडाली. मी म्हनलो, "मामा, सोपं हाय. चुकीचं बटन दाबा, ऱ्हाऊ द्या त्याला अडानी." मामाला पटलं. सकाळी गेला ठरवून. सुर्रर्र झालं, बोट आवरून धरलं… आवरंना! "लेका, मोसंबी कुनाची हाय? त्या मानसानं काय वाकडं केलं माझं?" दाबलंच बरोबर. दुपारी बरोबर. रोज बरोबर!

काल म्याडमचा फोन आला, "अभिनंदन मामा, सत्त्याण्णव टक्के ओळखायला लागलं!" आबा हिशोबी चेहरा करून म्हनले, "फुडच्या हंगामाचं मंग… बगू." अन् मामा? मामा फाट्यावरनं पावशेर पेढे आनून वाटायलाय! मी म्हनलो, मामा, डोस्कं फिरलं का तुमचं, ह्यानं तुमचंच काम जायचं हाय! तर म्हनतो, "व्हय रं, कळतंय मला." थोडा येळ पेढ्याचा कागद घडी करत बसला. "पर माज्या तिन्ही पोरायला इतकं घसा कोरडा करून शिकवलं, एक बी पास झालं न्हाई. जल्मात पयल्यांदा कुनी तरी माझं ऐकलं बग."