कुंपणापाशी वळलेली रेषा

मामा: ...आणि म्हणून माझी हरकत आहे. खाली तारीख, सही, सगळं आहे. अक्षर बघून घे. असं अक्षर आता तुमच्या नगर नियोजन खात्यात एकाचंही नाही.

भाची: अक्षर सुरेखच आहे, मामा. मजकुराचं काय करू?

मामा: मान्य कर. तीस वर्षं याच टेबलावर मी शहराचे नकाशे काढले. पूररेषा माझ्या हातची. तू काल खुर्चीत बसलीस आणि आज ती सरकवतेस?

भाची: सरकवत नाही, सरळ करतेय. हा तुमचा जुना नकाशा. नदी इथून येते, काठावर पसरते. इथवर ठीक. मग तुमच्या कुंपणापाशी येते, दारात चपला काढल्यासारखी थांबते, घराला वळसा घालते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पसरते. इतकी सभ्य नदी मी दुसरीकडे पाहिली नाही.

मामा: पेन घसरलं असेल.

मामी: तिन्ही बाजूंनी?

मामा: तू छत्री सांभाळ. तुला सोबत म्हणून आणलंय, साक्षीदार म्हणून नाही.

भाची: रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, एवढंच आहे. तुमचं राहतं घर कुणी पाडत नाही; सोडायचं तर वर बदली जागा आहे.

मामा: घर कोणाला हवंय? बिल्डर तिथे चाळीस फ्लॅट बांधणार आहे. वरचे दोन आमचे. तुझी रेषा आत आली की तो बाहेर गेला.

भाची: त्याच्या आराखड्यात तळमजल्यावर आठ फ्लॅट आहेत. त्या माणसांनी काय करायचं?

मामा: सुखानं राहायचं. तिथे पाणी येत नाही. माझ्या नकाशात बघ.

भाची: नकाशात येत नाही. घरात आलं होतं.

मामा: कोण म्हणतं?

भाची: तुम्हीच. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आठवते? सुट्टीत आम्ही मुलं आलो की तुम्ही तिच्यावर आमची उंची मांडायचात. माझी सातव्या वर्षाची रेघ तिथे आहे. तिच्या चार बोटं वर आणखी एक रेघ. ‘पाण्याची कमाल पातळी.’ तारीख. दुपारी पावणेचार. बाण. आणि कडेला सही.

मामा: चौकटीला मी रंग दिला होता.

मामी: तो कधीच उडाला. हिनं विचारलं, मी दाखवली. काय सांगणार होते, चौकट बाहेरगावी गेलीय?

भाची: आमच्या गणितानं जी पातळी निघते ती त्या रेघेला बोटभर फरकानं जुळते, मामा. ऑफिसच्या नकाशात नदीला हात धरून फिरवून आणलीत, आणि घरच्या चौकटीवर केसाचीही चूक नाही! लपवायचंच होतं तर सही कशाला केलीत?

मामा: बिनसहीची रेषा मला बघवत नाही.

मामी: आमच्या लग्नाच्या रांगोळीखालीपण सही केली होती यांनी.

मामा: माडी चढवायची होती गं, ठमे. रेषेच्या आत आलो असतो तर परवानगी मिळाली नसती. एका घरापुरता वळसा. त्यात कुणाचं काय बिघडलं?

भाची: मोजा. तुमच्या वळशाच्या आडोशाला आता अकरा घरं आहेत. तेव्हा एक नव्हतं.

मामा: ती लोकांनी आपली आपण बांधली.

भाची: नकाशा बघून बांधली. नदीला विचारायला कोण गेलं? खाली तुमची सही दिसली, त्यांनी पाया खणला. तिसऱ्या घरातले पोस्टमन आता उठू शकत नाहीत. पलंग तळमजल्यावर. मी उंची मोजायची लेव्हल लावून मोजलं. तुमची रेघ त्यांच्या गादीच्या दीड हात वर जाते.

(मामा नकाशावर वाकतात. तिसऱ्या घरावर बोट ठेवतात.)

मामा: पोस्टमन माझ्या भरवशावर आला तिथे. मलाच विचारून.

मामी: माहीत आहे.

मामा: जागा रिकामी करून करणार काय?

भाची: मैदान आणि रोपवाटिका. अकरा घरांना आणि तुम्हाला वर पाण्याच्या टाकीजवळ तेवढीच जागा. मंजुरी आलीय. आधी पोस्टमनना हलवायचं. मग पाणी येऊ दे खुशाल. चार दिवस मैदानात बसेल आणि उठून जाईल.

मामी: टाकीपाशी वारा छान आहे.

मामा: तू कधी गेली होतीस?

मामी: चौकट दाखवली त्याच दिवशी. हिच्या जीपमधून.

मामा: पेन्सिल दे इकडे.

भाची: कशाला?

मामा: तुझी रेषा चुकलीय.

भाची: मामा!

मामा: ओरडू नकोस, ऐक. मागच्या चढावरची पिठाची गिरणी तू रेषेबाहेर ठेवलीस. पूर आला त्या दिवशी तिची दुसरी पायरी पाण्यात होती. तिसरीवर मी बसलो होतो, बनियनवर, हातात नकाशे आखायचा टी-स्क्वेअर. तेवढाच घेऊन निघालो होतो.

मामी: मी सासूबाईंना घेऊन निघाले होते.

मामा: हे बघ, अशी मागे घ्यायची. गिरणीच्या मागून. हात बघ, अजून हलत नाही.

भाची: उद्या लेव्हल लावून तपासते.

मामा: तपास. बरोबर निघेल. आता दिसतेय नदीसारखी. अर्ज दे परत. पाठीवर लिहितो, ‘हरकत नाही’. सही करतो.

मामी: आणि बिल्डरला काय सांगाल?

मामा: पेन घसरलं म्हणून.

मामी: ती चौकट मात्र मी वरच्या घरी नेणार.

मामा: टाकीपाशी पाणी चढत नाही. तिथे काय मांडणार तिच्यावर?

मामी: नातवंडं. नुसती नातवंडं.