डब्यावरचं नाव

नाई नाई, 'सप्रेम भेट' नका टाकू भाऊ — लग्न नाई, वास्तू नाई, कोणाचा वाढदिवस नाई, डबा माहा मलेच आहे. हसता काऊन? बाईनं सोतासाठी डबा घेतला तं नाव टाकायची मशीन चालत नाई का तुमची? आमच्या घरी येऊन पाहा, गंजापासून चमच्यापर्यंत सगळ्यावर सासऱ्याचं नाव, मामेसासऱ्याचं नाव, एका परातीवर तं कोण्या धनंजयचं नाव आहे, तो कोण हे आजवर कोणाले सांगता आलं नाई — पण नलू म्हणून एक वाटी नाई.

कुठं नेता म्हणता? ट्रेनिंगले. सोमवारपासून, सहा आठवडे, दहा ते चार. आशाताई आहे ना मी गावची — बाळंतपणं, लसी, लेकरायची वजनं, सगळं माह्याच गळ्यात — अन् आशाले ट्रेनिंगचं काय नवल, कोणी विचारतही नाई. गावात तेच सांगतलं. नवऱ्याले मात्र खरं सांगा लागलं — म्हणजे तुमाले खोटं सांगतलं असं नाई हो. जेवायले सगळे सोबत बसतात, डबे सारखेच राहतात, म्हणून नाव.

बरं, आधीच्या गिऱ्हाइकाच्या ताटायवरची नावं होऊ द्या, मशीन चालू द्या; तुम्ही काही माह्या गावचे नाई, सांगते. सरकारी दवाखान्यात जायचं आहे. मनाच्या विभागात. गावात शिबिर होतं, बायायचे फॉर्म मीच भरून राह्यलती, सगळ्यायचे झाले अन् एक उरला, तो माहा भरला. डॉक्टरीणबाई म्हणे भरती नाई करत, रोज यायचं, रोज घरी जायचं — गटात बसायचं, बोलायचं, गोळ्या घ्यायच्या, अन् चित्र काढायचं. चित्र! सातवीत आंबा काढलता मी, बाई त्याले वांगं म्हणे. म्हणजे पाहा, पेशंट झाली तरी संध्याकाळच्या पोळ्या सुटल्या नाई. आमच्या महादेवरावनं सगळं नीट ऐकून घेतलं, वाईट माणूस नाई तो, अन् मंग विचारलं — चारले सुटशीन म्हणजे साडेपाचले घरी ना? भरती झाली असती तं खिचडी तरी शिकला असता माणूस. अन् सासूनं त्याच्या आधीच गिरडले नेलतं, दर्ग्यावर. टेकडी चढली, उतरली, कडकडून भूक लागली, चार पोळ्या खाल्ल्या — सासू म्हणे, झाली बरी. इतकी खुश झाली बिचारी, मी आठ दिवस बरीच राह्यली तिच्यासाठी.

नाई, ही पहिली तारीख नाई. दोन देल्ल्या होत्या, दोन्ही गेल्या. पहिल्या खेपेले गेटातच सिस्टर भेटली — आशाताई, आज कोणाले आणलं? आता तिचं काय चुकलं? बारा वर्षं झाली, मी बाया घेऊनच जाते ना तिथं, कोणाचा हात धरून, कोणाची पिशवी धरून. माह्या तोंडून निघालं, कोणाले नाई, सहज आलती. दवाखान्यात सहज! अन् आली पुढच्या एसटीनं परत. दुसऱ्या खेपेले हिंमत पायजे म्हणून शेजारच्या शकुबाईले सोबत घेतलं. सिस्टरनं पुन्हा तेच विचारलं, अन् म्या शकुबाईकडे बोट दाखवलं. झालं! शकुबाईची शुगर निघाली. दिवसभर तिच्या मागं फिरली मी, केसपेपर काढला, गोळ्या आणल्या, पथ्य समजावलं. ठणठणीत आहे ते आता, सगळ्या गावाले सांगते, नलूनं वाचवलं मले.

हसा, हसा, मीही हसते. पण भाऊ, हे सगळं सुरू कसं झालं, तं छाया म्हणून एक बाळंतीण आहे, तिच्या लेकराचं वजन करायले गेलती. वजन केलं, लिहायले पेन घेतला, अन् मीच रडू लागली ते थांबेच ना. वीस दिवसाची ओली बाळंतीण उठून मले पाणी पाजून राह्यली, लाज वाटली हो मले. काही झालं नव्हतं, कोणी काही बोललं नव्हतं. फक्त वाटे, आपण मेलो तं बरं होईन. भांडे घासता घासता वाटे, रोज वाटे, अजूनही कधी कधी — घ्या. बोलली. नवऱ्यालेही इतकं नाई सांगतलं. मशीन बंद नका करू ना भाऊ, तिचा आवाज होता म्हणून तं बोलून राह्यलती.

तं काय टाकता? आशाताई नका टाकू. सौ. नको, आडनाव नको, गाव नको. नलू. दोन अक्षरं, तुमालेही सोपं. खाली तारीख टाका — नाई, आजची नाई, भांड्यावर घेतल्या दिवसाची टाकतात हे मालूम आहे मले. सोमवारची टाका. या खेपेले नाई गेली तं डॉक्टरीणबाई म्हणे पुढचा गट दिवाळीनंतर, अन् दिवाळीपर्यंतचा माहा मलेच भरोसा नाई. हे पुसल्या तं जात नाई ना? राखेनं घासलं तरी? रोज घासलं तरी? पक्कं?

मंग टाका. माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यले, डब्याकडे पाहा.