दुसरा नारळ

कोपरीत रॉकेलच्या रांगेत तुळसाच्या पुढ्यात कोळीवाड्यातला भिवाजी आणि त्याची बायको मनुबाई उभी होती. भिवाजी बायकोला काही सांगत होता; तुळसाचे कान त्यांच्याकडेच लागले.

“आपल्या पोराचा, नामाचा फोन आलेला. त्याची कंपनी भर समुद्रात तरंगतं गाव बांधतेय. तो आता तिथंच राहनार.”

“राज्य कोनाचं तिथं?”

“कोनाचंच नाय. त्यांचं तेच.”

“आनि पुनवेला दर्याला नारळ कोन वाहनार?”

“तिथं कोन वाहतंय!”

“मंग यंदा आपन दोन सोडू.”

“दुसरा कशाला?”

“वाहत त्याच्या दारावरून गेला तर कळंल त्याला, घरी पुनव झाली.”

“अगो, आपली खाडी कुठं, तो कुठं!”

“कुठं हाय तो?”

भिवाजीनं रिकामा डबा या हातातून त्या हातात घेतला.

“दुसरा असोला घेऊ, सालासकट. लांबवर तरंगंल.”