खिडकीवर रोख

कोरीन : ...तर तू गाडीतच बस, आई. मी आत कॅसिनोत जाऊन तुझे फोनवर जिंकलेले पैसे घेऊन येते.

आर्लेटा : तुला कोण देतंय? खात्यावरचं नाव, लायसन्सवरचं नाव आणि हा सुरकुतलेला चेहरा, तिन्ही जुळलं तरच ती खिडकी पैसे सोडते.

कोरीन : मग बँकेत मागव. सगळं वेस्ट व्हर्जिनिया फोनवर खेळतं आणि बँकेत पैसे घेतं. पैसे घ्यायला कॅसिनोत स्वतःच्या पायांनी कोण येतं गं?

आर्लेटा : बँकेच्या वाटेवर पैसे तीन दिवस लटकतात. ‘काम चालू आहे’ म्हणतात, आणि खाली हे एवढं हिरवं बटण, ‘परत खेळायला घ्या’. माझ्या बोटाला त्या बटणाची वाट पाठ झालीय.

कोरीन : ठाऊक आहे. छपराच्या दुरुस्तीचे पैसे तसेच गेले. अजून बादली ठेवतो आपण जिन्यात. मग टपालानं चेक मागव.

आर्लेटा : टपाल येईस्तोवर ते बटण तिथंच, डोळे मिचकावत. आणि माझ्या कार्डानं नुसतं भरता येतं, काढता येत नाही. भरायला दहा दारं ठेवलीत मेल्यांनी! काढायला ही एक खिडकी बरी. अठराशे डॉलर हातात, आणि तडक दातांच्या डॉक्टरकडे. दोन वर्षं झाली, पेपरोनी रोलचा पावसुद्धा कॉफीत बुडवून चोखतेय मी.

कोरीन : आणि हसताना तोंडावर हात धरतेस. मला बघवत नाही ते.

आर्लेटा : मग? चल की.

कोरीन : खिडकीपर्यंत सगळी जुगाराची मशिनं ओलांडायची आहेत, आई. वाजतात, चमकतात. तू...

आर्लेटा : ओलांडीन. त्यांच्याच घरातून, त्यांच्याच नाकावर टिच्चून. आजी खाणीवर डबा पोचवताना म्हणायची ते म्हणत जाईन.
वाट चढते डोंगराची, वाट सोडीना पाऊल,
हाका मारू दे दरीला, मला लागेना चाहूल.

कोरीन : हात दे माझ्या हातात.

आर्लेटा : नको. पाय माझे आहेत.

(कॅसिनोच्या आत, पैसे देण्याच्या खिडकीपाशी. खिडकीमागे बर्नडीन.)

बर्नडीन : आर्लेटा स्टॅम्पर आपणच ना? अभिनंदन हं! पण सगळे रोख कशाला नेता? निम्मे खात्यात राहू द्या, वर शंभर डॉलर आमच्याकडून खेळायला.

आर्लेटा : बाई, कोंबडीला दाणे टाकून बोलावतात तसं मला बोलावू नका. माझे मोजा. आणि खातं बंद करा.

बर्नडीन : एक वर्ष, पाच वर्षं, की कायमचं? कायमचं केलंत तर या इमारतीतसुद्धा पाऊल टाकता येणार नाही. नीट विचार करून सांगा.

कोरीन : आई, इथल्या हॉटेलातले शुक्रवारचे खेकडे! तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला इथंच येतो आपण.

आर्लेटा : येतो. तुम्ही फोडता, मी सूप पिते.

कोरीन : तेच म्हणतेय! आत्ता कुठं खेकडे फोडायला दात येणार तुला!

आर्लेटा : बघ ना देवाची गंमत. दात आले, खेकडे गेले. लिहा बाई, कायमचं.

बर्नडीन : इथं सही करा. ...हे तुमचे अठराशे. आणि ऐका, मी सांगितलं म्हणू नका, त्या भटारखान्याच्या बाजूनं जा. तिकडे एकही मशीन लागत नाही.

आर्लेटा : भलं होवो तुमचं. पण चोरासारखी मागच्या दारानं का जाऊ? आले तशीच जाईन. मधून.

कोरीन : आई, हळू! किती भरभर चालतेस! ...अगं, हसतेयस तू. आणि तोंडावर हात नाही.

आर्लेटा : हात रिकामा कुठाय? दोन्हींनी पाकीट धरलंय.