मागच्या दोराची बंडी

सन्माननीय अध्यक्षमहाराज, म्हणजे आपले मॅनेजरसाहेब. व्यासपीठावरचे थोर पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, भांडारप्रमुख कारखानीससाहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईसाहेब. पुढच्या खुर्च्यांवरची कचेरीतली मंडळी. आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले शिवडीच्या गोदामातले माझे सगळे लेक, तुम्हां सर्वांना काळाचौकीच्या सुंदराबाईचा नमस्कार.

मला अक्षर येत नाही. हे भाषण मी सांगितलं, नात ललितानं लिहून घेतलं आणि तिनंच माझ्याकडून पाठ करून घेतलं. तेव्हा कानाला गोड लागेल ते तिचं समजा, बोचेल ते माझं.

कामगारांच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणून साहेबांच्या खांद्यावर शाल घालायचा मान मला दिलात. उपकार झाले. शाल घालणार आहे मी, उठू नका साहेब. पण त्याआधी अध्यक्षमहाराजांकडे माझं एक मागणं आहे. तो बघा, खांबाजवळ उभा आहे ना, ज्याच्यामुळे मागच्या तिघांना काही दिसत नाही, तो माझा नातू दगडू. त्याच्या अंगात मावेल अशी एक बंडी मला हवी आहे. मान खाली घालू नकोस रे, मुलगी बघायला नाही आणलं तुला.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्या गोदामापासून धक्क्यापर्यंत उतार आहे. लोखंडी यंत्रांची खोकी गाड्यावर चढवून खाली न्यायची. पुढे माणसं गाडा धरून चालतात, आणि गाडा सुटू नये म्हणून मागे लांब दोर बांधून एक जण तो अंगानं रोखून धरतो. तो गाड्याच्या बराच मागे, एकटा चालतो. हे काम टोळीतल्या सगळ्यात जाड माणसाचं. सडपातळ माणसाला दोर ओढून नेईल. माझा कोंडीराम वर्षानुवर्षं मागच्या दोरावर होता. दगडू त्याचाच मुलगा. अंग बापाचं, भूक आजीची.

त्या उतारावरून लॉऱ्या आडव्या जातात. पूर्वी लॉरीवाला थांबून राहायचा. मागच्या दोरावरचा माणूस रस्ता ओलांडून "मोकळा!" म्हणून ओरडला की मगच गाडी हलवायचा. कोंडीरामचा आवाज असा की आमच्या चाळीत तो हळू बोलला तरी शेजारची शेवंती विचारायची, "काय हो, भांडण कसलं?"

मग साहेबांनी सुधारणा केली. करायलाच हवी होती, मी नाही म्हणत नाही. संध्याकाळच्या अंधारात माणूस दुरून दिसावा म्हणून नारिंगी बंड्या काढल्या. लॉरीवाल्यांना हुकूम सुटला: आरडाओरडा बंद, नारिंगी दिसतंय तोवर थांबा, नारिंगी संपलं की निघा. छान हुकूम. फक्त सगळ्या बंड्या एकाच मापाच्या. ते माप कोणाचं होतं, सांगू? शिंप्याला बोलावलं तेव्हा कचेरीत साहेब एकटेच होते. साहेबांचं अंग कसं आहे ते आपण बघताच आहात. देव त्यांना असंच हलकं ठेवो.

कोंडीराम ती बंडी घरी घेऊन आला. एक हात घातला, दुसरा जाईना. म्हणाला, "आये, ह्यां झबलां कोणाचां गे?"

मी म्हटलं, "तुझ्याच बारशाचां आसतलां. श्वास सोड आणि घाल."

"श्वास सोडलंय तर दोर कोण धरतलो?"

हसलो आम्ही. तेव्हा हसलो.

दुसऱ्या दिवशी तो भांडाराच्या खिडकीवर गेला. "साहेब, दोन बंड्या द्या. आई त्यांची एक करील."

साहेब म्हणाले, "आणि उरलेल्या कापडाचं काय करणार कोंडीराम? मोर्च्यात झेंडे?"

दिवस तसेच होते. अजूनही आहेत. मुंबई अजून आपल्याला मिळायची आहे, आणि लालबागेतून मोर्चा निघाला की अर्धं गोदाम त्यात असतं. मीही गेले आहे, कशाला लपवू? पण साहेबांना खिडकीत उभा राहिलेला माणूस दिसला नाही हो, त्याच्या अंगावर जास्त लागणारं कापड दिसलं. ते भगव्याला जवळचं. मुंबई मागणाऱ्यांना वीतभर नारिंगी कापड द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. देशाची काळजी प्रत्येकानं आपापल्या खिडकीतून करायची असते, नाही का?

मग मी माझ्या पिवळ्या लुगड्याचा पदर फाडला. बंडीच्या दोन्ही कुशी उसवून त्यात पट्ट्या घातल्या. नारिंगी, मध्ये पिवळी, पुन्हा नारिंगी. कोंडीराम ती घालून चाळीच्या गॅलरीतून असा चालला की शेवंती म्हणाली, "बाई, गणपती लवकर आले यंदा!" ती बंडी त्यानं चार दिवस घातली. पाचव्या दिवशी साहेबांच्या नजरेला पडली.

"कंपनीच्या मालाला कात्री कोणी लावली?"

"आईनं, साहेब. मापात बसत नव्हती."

"मग वजन कमी कर."

बंडी काढून घेतली. माझे टाके उसवले, पट्ट्या खिडकीतून त्याच्या हातात दिल्या आणि बंडी पूर्वीसारखी शिवून फळीवर ठेवली. साहेब नीटनेटके, वस्तू जागच्या जागी लागते त्यांना. खोटं असेल तर बाईसाहेबांनी सांगावं.

पुढचं थोडक्यात सांगते, ललितालाही लिहवत नव्हतं. कार्तिकातली संध्याकाळ. गाडा उतरला, नारिंगी माणसं लॉरीसमोरून गेली, खोकं गेलं. नारिंगी संपलं. लॉरी निघाली. कोंडीराम मागच्या दोरावर होता, अंगात नेहमीचा काळपट सदरा.

लॉरीवाला गणपत रात्रभर आमच्या दारात बसून होता. म्हणत होता, "आजी, मी हुकमाप्रमाणे बघितलं. नारिंगी संपेपर्यंत बघितलं गं." मी त्याला आत घेऊन चहा दिला. त्याला काय बोलणार? बंड्या नव्हत्या तेव्हा तो माणसं बघायचा. बंड्या आल्यावर बंड्या बघायला लागला.

कंपनीची चौकशी झाली. त्यात ठरलं की कामगारानं बंडी घातली नव्हती, सबब चूक कामगाराची. साहेब बाराव्याला घरी आले होते, आले नाहीत असं मी म्हणणार नाही. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "फार धिप्पाड माणूस होता हो."

मी म्हटलं, "होता. म्हणून तर मागच्या दोराला लावला होतात."

साहेब उठून गेले. चप्पल घालायची राहिली होती, ती दगडूनं मागे धावत नेऊन दिली. पोरगं असं आहे.

आता दगडू त्या दोरावर आहे. कोणीतरी जाड हवाच ना तिथे! आणि नव्या बंड्यांचं कापड शिंप्याकडे गेलं आहे. साहेबांचा हा शेवटचा हुकूम, आणि माप तेच. का, तर एकदा पसंत झालेलं माप बदललं म्हणजे पहिलं चुकलं होतं असं होतं. अध्यक्षमहाराज, निरोपाच्या दिवशी माणसाची चूक दाखवू नये ही रीत मला कळते. पण साहेब उद्यापासून गिरगावात आपल्या घरी आरामखुर्चीत असतील आणि दगडू उतारावर असेल. तेव्हा आज नाही तर कधी बोलू?

आपण शिंप्याकडे एक माणूस पाठवा. जाड माणसांना बोलावून त्यांच्या छातीवर फीत धरा. कापड अजून कापलेलं नाही, मी विचारून आले आहे.

आपण हातातल्या घड्याळाकडे बघता आहात. बरं. मग भिंतीला टेकलेल्या लेकांनी जे ठरवलं आहे तेही सांगून टाकते, म्हणजे उद्या सकाळी कोणाला धक्का बसायला नको. अंगाला बसणारी बंडी येईपर्यंत दगडू मागचा दोर धरणार नाही. दुसराही कोणी धरणार नाही. आणि मागे दोर धरल्याशिवाय गाडा उतारावर घालायचा नाही, हा कंपनीचाच नियम आहे. आम्ही तो पाळू. खोकी गोदामातच राहतील, नीटनेटकी, जागच्या जागी.

हे बघा, दगडूनं मान वर केली.

आता शाल द्या इकडे. उठा साहेब. शालीचं बरं असतं, तिला माप लागत नाही, सगळ्यांना पुरते. आपल्याला आयुष्य लाभो. नातवंडं मांडीवर खेळोत आणि मोठी झाली की संध्याकाळी कामावरून घरी येवोत.

आपण सर्वांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, अध्यक्षमहाराजांनी बोलू दिलंत, हॉलवाल्यांनी दिवे लवकर लावले, सगळ्यांची मी ऋणी आहे. अडाणी बाई आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घालावं. साहेबांचं मी घालून बघितलं, मला जमलं नाही.