माझ्या खुर्चीत थोरला

हळू! अहो, हळू बोला जरा, आणि दार पण हळू लावा, उठेल ना तो! नाही नाही, गिऱ्हाईक नाही, भाऊ आहे. सख्खा. थोरला. या सलूनचा अर्धा मालक. एरवी त्या पलीकडच्या खुर्चीमागे उभा असतो, तो आज माझ्या खुर्चीत बसलाय आणि बसल्या बसल्या घोरायला लागलाय! आणि तुम्हाला सांगतो, मला हे अजिबात पटलेलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

तुम्ही म्हणाल, भाऊ भावाच्या खुर्चीत बसला तर बिघडलं कुठे? तुम्ही नवीन दिसता. अहो, बाबा गेल्यापासून आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललेलो नाही! दुकान एक, कुलूप एक, पाण्याचा फवारा एक, आणि बोलणं बंद. मग चालतं कसं? गिऱ्हाइकामार्फत! मला पंखा कमी हवा असला की मी खुर्चीतल्या माणसाला म्हणतो, ‘सांगा त्यांना, पंखा कमी करा म्हणावं.’ तो बिचारा गालभर साबण घेऊन ‘अहो, पंखा...’ म्हणेपर्यंत अर्धा फेस पोटात! पलीकडून उत्तर येतं, ‘त्यांना म्हणावं, माझ्या गिऱ्हाइकाला उकडतंय.’ लक्षात घ्या, ‘त्यांना’! लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालणारा माणूस मला ‘त्यांना’ म्हणतो! एकदा एक ठार बहिरा माणूस दाढीला आला, तर तो जाईपर्यंत नवी ब्लेडं कुठे ठेवलीत ते मला कळलं नाही.

भांडण कशावरून? दाढीवरून. हसू नका. बाबांनी दोघांनाही याच दुकानात शिकवलं. थोरल्याचा हात जड. त्याच्या खुर्चीत माणूस टक्क जागा असतो, डोळे असे मोठे! माझा हात हलका. माझ्याकडे माणूस बसला की डुलकी लागून मान टाकतो, आणि त्याचं डोकं एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने कल्ले काढायचे... मला आधी वाटायचं, कंटाळतात. आणि बाबा आजारी पडले, अंथरुणातून उठवेना, तेव्हा मी सगळं सामान घेऊन उशाशी गेलो. वाटी, ब्रश, गरम पाणी. आणि बाबा काय म्हणाले माहितीये? तोंड फिरवलं आणि म्हणाले, ‘तू नको. थोरल्याला बोलाव.’

तू नको! ज्यांनी माझा हात धरून वस्तरा चालवायला शिकवला, ते म्हणाले, तू नको! मी वाटी हातात घेऊन उभा, पाणी गार होतंय, आणि हा आला, माझ्या हातातून ब्रश घेतला आणि लागला कामाला. शेवटपर्यंत बाबांची दाढी यानेच केली. मी दारात उभा राहून बघायचो. आता मला सांगा, बाबांच्या मनात हे आपोआप आलं असेल? कोणीतरी कान भरल्याशिवाय? मी त्याच दिवशी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय!

बाबा गेले, तेव्हापासून अबोला. आता यात एक अडचण झाली. तुम्ही नोकरीवाले, तुमच्या लक्षात येणार नाही. आपल्या मानेवरचे केस आपल्याला कापता येत नाहीत! आधी तो माझी करायचा, मी त्याची. अबोला झाल्यावर जायचं कुठे? मी गुपचूप कोपऱ्यावरच्या दुकानात जायला लागलो. तो कोपऱ्यावरचा म्हणजे... हातात कात्री आहे म्हणून न्हावी म्हणायचं. आणि जाऊन बघतो तर काय, आत थोरला! तिथेही बोललो नाही. तो कोपऱ्यावरचाच म्हणाला, ‘तुमचे बंधू आत्ताच बसलेत, थांबता का?’ दोघा भावांच्या माना त्या माणसाने सारख्याच बिघडवल्या. आणि दुकानात समोरासमोर आरसे. मी दिवसभर त्याची वाकडी मान बघायची, त्याने माझी.

आणि गेल्या आठवड्यात काय व्हावं! बाकावर आमचे मास्तर, रोजचं गिऱ्हाईक, पेपर वाचत बसलेले. दुसरं कोणी नाही. तर हा खुर्ची झटकतो आणि म्हणतो, ‘मास्तर, सांगा त्यांना, इथे बसा म्हणावं. ती मान बघवत नाही.’

का? आजच का? दुकान विकायचंय? सही हवीय? काही दुखणं निघालंय? मी सरळ घरी गेलो, बायकोला सांगितलं, तर ती म्हणते, ‘अहो, भाऊ आहे तो, बसा की!’ इतक्या चटकन? हिला आधीच कसं माहीत? ही आणि वहिनी फोनवर काय बोलतात तासन्‌तास?

पण बसलो. मान दिली. वस्तरा त्याच्या हातात, मान माझी, डोळे आरशात, पापणी नाही लवू दिली! आणि तो हात... जडच. पण कानामागे वळताना अंगठा असा टेकवतो ना, ती बाबांची सवय. मला ते सहन होईना हो. आणि तेवढ्यात हा म्हणतो, ‘मास्तर, त्यांना सांगा, बाबांना धाकट्याचा हात आवडायचा.’

मास्तरच म्हणाले, ‘मग नको का म्हणाले?’

‘भीती वाटायची. म्हणायचे, धाकट्याच्या हाताखाली डोळा लागतो, आणि आता डोळा लागला तर उघडेल की नाही कोण जाणे. तुझ्या हाताने निदान जागा तरी राहतो.’

पेपर खाली आला. मास्तरांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘अहो, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?’ तर म्हणतो, ‘त्यांनी विचारलं कधी?’

मी विचारायचं? धाकट्याने विचारायचं की थोरल्याने सांगायचं? आणि हे खरं कशावरून? बाबा तर आता सांगायला येत नाहीत! आठवडाभर झोप नाही मला. कधी वाटतं, खरंच असेल, भ्यायले असतील हो बाबा, आणि मी त्यांच्यावर रुसून दारात उभा! आणि कधी वाटतं, छे, कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि आज सकाळी हा स्वतः येऊन माझ्या खुर्चीत बसला. दुकानात चिटपाखरू नाही, सांगणार कोणामार्फत? नुसतं मानेवर बोट ठेवून दाखवलं. मी कापड टाकलं, पाणी मारलं, दोनदा कात्री चालवली, आणि बघतो तर मान माझ्या हातात! घोरतोय! नीट बघा, सोंग वाटतं का हो? नाही, मला पटवायला म्हणून... माणूस काहीही करेल... लाळ गळतेय, म्हणता? हं. सोंगात लाळ गळत नाही, हेही खरंच.

मान केव्हाच झालीय. उठवायचं तर हाक मारावी लागेल. ‘दादा’ म्हणून. ते तोंडाशी येतं आणि... तुम्हीच सांगता का त्यांना, झालं म्हणावं? थांबा! नको. झोपू दे. डोळ्यांखाली बघा काय झालंय, यालाही आठवडाभर झोप नसणार. तुम्ही असं करा, त्याच्या खुर्चीत बसा, मी तिकडे येऊन तुमची दाढी करतो. हात हलका आहे माझा, डोळा लागला तर लागू दे. पण त्याआधी तो उठला, तर तेवढं सांगा त्यांना... म्हणावं, मान छान झालीय, पण धाकट्याचा अजून विश्वास बसलेला नाही.